नावात सोलापूर, मैदान गहुंजे

सोलापूरकर ‘इंदिरा गांधी स्टेडियम’ हे पूर्ण नाव क्वचितच घेतो. रिक्षात बसून ‘पार्क’ म्हटलं की पुरे. चौकात चार हुतात्म्यांचे पुतळे, जवळच भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव, आणि ऐन वर्दळीत हे मैदान. जानेवारी २०२४ मध्ये इथं महाराष्ट्र आणि मणिपूर यांच्यात रणजी सामना झाला. जवळजवळ तीन दशकांनी सोलापुरात रणजी करंडकाचं क्रिकेट परतलं होतं. एवढ्या काळात एक अख्खी पिढी बॅट हातात धरून मोठी झाली, नोकरीला लागली, पोटं सुटली आणि तिनं आपल्या गावात प्रथम दर्जाच्या सामन्यातला एक चेंडूही पाहिला नव्हता.

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर आली होती. सकाळचं ऊन बोचत नव्हतं. रणजीला आपल्याकडे तिकिटाची भानगड बहुधा नसते, त्यामुळे कॉलेजची पोरं येत होती, दुकान उघडायच्या आधी तासभर डोकावून जाणारे व्यापारी येत होते, आणि जुन्या सामन्यांच्या आठवणी घेऊन आलेली म्हातारी माणसं तर सकाळपासून ठाण मांडून होती. सोलापूरच्या कुठल्याही गर्दीत चार भाषा असतात: मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू. एकाच षटकात एकाच क्षेत्ररक्षकाला या चारही भाषांमधून सल्ले मिळत होते. सीमारेषेवर उभा असलेला खेळाडू हाक मारल्यावर वळून बघतो, एवढ्या अंतरावर बसून क्रिकेट पाहायची सवय टीव्हीनं आपल्याला विसरायला लावली आहे. चेंडू बॅटच्या मधोमध लागला की कसा आवाज येतो आणि कडेला लागला की कसा येतो, हे तिथं दहा वर्षांच्या पोरालाही कळत होतं.

तो सामना महाराष्ट्रानं जिंकला. फेब्रुवारीत पुन्हा पार्कवर सौराष्ट्र आलं. चेतेश्वर पुजारा आणि जयदेव उनाडकट यांचं सौराष्ट्र, आदल्या हंगामाचं रणजी विजेतं. कमी धावांचा, अटीतटीचा सामना झाला आणि महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. मला त्या पराभवाचं दुःख झालं, पण त्याहून मोठा आनंद याचा होता की हरायला आपला संघ आपल्या गावात आला होता. त्या हंगामात महाराष्ट्राचं कर्णधारपद केदार जाधवकडे होतं. केदार पुण्यात वाढला, पण त्याच्या घराण्याचं मूळ माढा तालुक्यातल्या जाधववाडीचं. म्हणजे जिल्ह्याचा माणूस महाराष्ट्राचा कर्णधार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सामने. असा योग पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही; जून २०२४ मध्ये तर केदारनं निवृत्तीच घेतली.

हे सगळं आठवायचं कारण २०२५-२६ चा रणजी हंगाम. दर वर्षी या दिवसांत मी आणि माझ्यासारखे इथले अनेक जण एकच हिशेब मांडतो: या वर्षी आपला कोण कुठं खेळतोय? पुण्या-मुंबईच्या चाहत्याला हा प्रश्न पडत नाही. त्याचा संघ त्याच्या गावात खेळतो आणि तो जाऊन बघतो. सोलापूरच्या चाहत्याला मात्र आपला संघ माणसामाणसातून गोळा करावा लागतो. एक लखनौच्या यादीत, एक चेन्नईच्या, एक उत्तर प्रदेशच्या, एक नाशिकच्या. माझं म्हणणं एवढंच आहे की गावाचा संघ म्हणजे गावाच्या मैदानावर खेळणारा संघ. बाकी सगळं त्यानंतर येतं, आणि सोलापूरला नेमकं तेच मिळालेलं नाही.

ही गोष्ट जुनी आहे. पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ चा, सोलापूरचा. वडिलांचा कापडाचा धंदा होता. गिरण्यांच्या या गावात पारशी घरं मोजकी, पण कापडाच्या व्यापारानं ती इथं रुजलेली. पॉलींचं बालपण सोलापुरात गेलं, ते शाळेत असतानाच घर मुंबईला हललं आणि पुढचं सगळं मुंबईत घडलं. पारशी संघाकडून प्रथम दर्जाचं पदार्पण, विद्यापीठाचं कर्णधारपद, मग १९४८ ते १९६२ अशी कसोटी कारकीर्द. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा केल्या. भारतीयाचं कसोटीतलं ते पहिलं द्विशतक. १९६२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला एकाच कसोटीत ५६ आणि नाबाद १७२ धावा, शिवाय एका डावात पाच बळी. निवृत्त झाले तेव्हा भारताकडून सर्वाधिक कसोटी सामने (५९), सर्वाधिक धावा (३६३१) आणि सर्वाधिक शतकं (१२) त्यांच्या नावावर होती; शतकांचा विक्रम तर गावसकर येईपर्यंत तिथंच राहिला. क्रिकेट मंडळ दर वर्षी देशातल्या सर्वोत्तम क्रिकेटपटूला जो पुरस्कार देतं तो त्यांच्या नावाचा. तो सोहळा टीव्हीवर लागतो तेव्हा घरातल्या पोरांना मी सांगतो, हा माणूस आपल्या गावात जन्मला. पोरं विचारतात, मग ते इथं खेळले कुठं? मला उत्तर देता येत नाही.

उम्रीगर गेले ते घराच्या निर्णयानं, आणि त्या काळात दुसरी वाटही नव्हती. पण नव्वद वर्षांनंतरही वाट तीच असावी हे मला पटत नाही.

जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. सहा संघ होते: पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी आणि सोलापूर. आमचा संघ सोलापूर रॉयल्स, आयकॉन खेळाडू विकी ओस्तवाल. संघाचं नाव जाहीर झालं त्या दिवशी इथल्या मोबाइलवर दुसरा विषय नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीच्या धावफलकावर ‘सोलापूर’ ही अक्षरं दिसणार होती. माझ्या ओळखीतल्या, एरवी क्रिकेट न पाहणाऱ्या बायकाही रात्री जेवणं आटोपून टीव्हीसमोर बसल्या, कारण नाव आपलं होतं.

पण सगळेच्या सगळे सामने गहुंज्याला. सोलापूरपासून पुणे अडीचशे किलोमीटर, गहुंजे त्याच्याही पुढे, द्रुतगती मार्गाच्या कडेला. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाला इथून निघते आणि संध्याकाळी सहाला पुण्याहून परत सुटते. सामना रात्री असेल तर हुतात्मानं परतायचा प्रश्नच येत नाही. मग उत्तररात्री पुण्यात येणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसची वाट बघत फलाटावर बसायचं, किंवा चौघांनी मिळून गाडी करायची. यंत्रमागावर काम करणाऱ्या, हातावर पोट असलेल्या माणसाला यातलं काही परवडत नाही. आणि या गावातला क्रिकेटचा खरा वेडा चाहता तोच आहे. पूर्व भागातली टेनिस बॉलची स्पर्धा बघा, रात्री दोनपर्यंत गर्दी हटत नाही. तो माणूस गहुंज्याला पोहोचला नाही. घरच्या संघाचा एकही सामना त्यानं प्रत्यक्ष पाहिला नाही.

त्याच स्पर्धेत आणखी एक घडलं. १९ जून २०२३ ला अर्शिन कुलकर्णी या अठरा वर्षांच्या पोरानं पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा फटकावल्या, १३ षटकार मारले, नंतर चार बळी घेतले आणि आपल्या संघाला एका धावेनं सामना जिंकून दिला. अर्शिन सोलापूरचा. इथं जन्मला, इथंच बॅट धरायला शिकला. पण संघ होता ईगल नाशिक टायटन्स. खेळाडू लिलावात घेतले होते आणि लिलाव कोण कुठला ते विचारत नाही. आम्ही त्या रात्री नाशिकसाठी ओरडलो. दुसऱ्या दिवशी आमच्याच रॉयल्सचा विचार मनात आला की जरा चोरट्यासारखं वाटायचं.

मला लिलावाचा राग नाही. व्यावसायिक खेळात तो लागतो, आणि त्यामुळेच छोट्या गावच्या पोरांना पैसा दिसला. पण लिलावानं खेळाडू बाहेरचे घ्यायचे आणि मैदानही बाहेरचं ठेवायचं, तर गावाच्या वाट्याला जर्सीवरच्या अक्षरांखेरीज काय उरतं? आणि ती अक्षरंही टिकली नाहीत. दोन हंगाम झाले आणि २०२५ च्या पुरुषांच्या यादीत सोलापूर नव्हतं; त्या यादीत रायगड रॉयल्स होतं, सातारा होतं. कारणं मालकांची असतील, व्यवहाराची असतील. मला एवढंच दिसलं की सोलापूरचा संघ नाहीसा झाला आणि सोलापुरात त्यासाठी एक हरकतीचं पत्रही निघालं नाही. निघणार कसं? जो संघ गावात एकदाही आला नाही, तो गेल्याचं गावाला कळायलाही वेळ लागतो.

तमिळनाडूकडे बघावं. तिथली प्रीमियर लीग २०१६ मध्ये सुरू झाली आणि सुरुवातीपासून ती चेन्नईबाहेर पडली. दिंडिगुलला एका कॉलेजच्या मैदानावर सामने होतात, सेलमला होतात, तिरुनेलवेलीला, कोइम्बतूरला होतात. दिंडिगुल म्हणजे काही महानगर नाही. कुलुपं आणि बिर्याणी यांसाठी ओळखलं जाणारं, आपल्या सोलापूरहून लहान शहर. पण आर. अश्विनसारखा खेळाडू दिंडिगुल ड्रॅगन्सकडून त्या शहरात खेळायला उतरला. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर काउंटी १८७२ पासून चेल्टनहॅमच्या कॉलेजवर क्रिकेटचा उत्सव भरवत आली आहे. यॉर्कशायरचा संघ लीड्सचं मोठं मैदान सोडून समुद्रकाठच्या स्कारबरोला जातो. खेळ लोकांकडे नेला तर लोक खेळाकडे येतात, हे त्यांना फार आधी उमगलं.

आपल्याकडे यावर उत्तर मिळतं ते प्रकाशझोतांचं, कॅमेऱ्यांचं, हॉटेलांचं. त्यात तथ्य आहे, नाकारत नाही. पण पावसाचाही विचार करा की. लीग जूनमध्ये होते. गहुंजे मावळात, सह्याद्रीच्या घाटांना लागून. २०२३ चा अंतिम सामना पावसानं होऊच दिला नाही आणि साखळीतल्या अव्वल स्थानामुळे रत्नागिरी जेट्सला विजेतं घोषित करावं लागलं. सोलापूर पर्जन्यछायेत. जूनमध्ये इथं शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. आमचा मोठा पाऊस सप्टेंबरचा. जूनमध्ये क्रिकेट खेळायला गहुंज्यापेक्षा ही जागा कितीतरी कोरडी. दुपारचे दोन-चार सामने इथं ठेवले असते तरी चाललं असतं. पार्कचं रूप स्मार्ट सिटीच्या कामात पालटलं, रणजीचे दोन सामने तिथं झाले, बाहेरच्या संघांची राहायची व्यवस्था झाली. जे रणजीच्या चार दिवसांना जमतं ते लीगच्या चार तासांना का जमू नये?

गावाचा संघ कसा टिकतो हे बघायचं असेल तर क्रिकेट सोडून माळशिरस तालुक्यात जावं लागतं.

वेळापूर. माउलींच्या पालखीच्या वाटेवरचं गाव, अर्धनारी नटेश्वराच्या जुन्या देवळासाठी प्रसिद्ध. त्याच देवाच्या नावानं तिथं अर्धनारी नटेश्वर क्रीडा मंडळ आहे आणि तिथली पोरं खो-खो खेळतात. मैदान मातीचं, दोन टोकांना दोन खांब. आठ जण पाटीत उकिडवे बसलेले, एकाआड एक तोंडं विरुद्ध दिशांना, नववा पळतोय. लांबून बघणाऱ्याला हा शाळेतला खेळ वाटतो. जवळ उभं राहिलं की छाती धडधडायला लागते. खांबाला एका हातानं धरून पूर्ण अंग जमिनीला समांतर फेकायचं आणि बोटांच्या टोकांनी धावकाला शिवायचं, यासाठी खांदा, मनगट आणि नजर तिन्ही एकाच क्षणी लागतात. ढोपरं सोलतात, पुन्हा बांधतात, पुन्हा सूर मारतात.

रामजी कश्यप या मंडळातून घडला. २०२२ मध्ये बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग पहिल्यांदा झाली, तेव्हा चेन्नई क्विक गन्सच्या या पोरानं घातलेले आकाशीय सूर बघून देशभरातल्या लोकांनी विचारलं, हा कोण? चेन्नईचा म्हणून टाळ्या वाजल्या. वेळापूरचा आहे हे इथल्यांना ठाऊक होतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात भारतीय पुरुषांनी नेपाळला ५४-३६ असं हरवलं, महिलांनीही नेपाळलाच ७८-४० असं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आणि पुरुषांच्या त्या संघात वेळापूरचा रामजी होता. जगज्जेत्या संघात आपल्या जिल्ह्यातल्या एका गावच्या मंडळाचा खेळाडू! या जिल्ह्यानं त्याचा जेवढा गाजावाजा करायला हवा होता तेवढा केला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

खो-खो लीगचे संघ सगळे राज्यांच्या आणि महानगरांच्या नावाचे आहेत: चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान, तेलुगू योद्धाज. तिथंही सोलापूर नाहीच. पण खो-खोत एक गोष्ट शाबूत राहिली आहे, ती राज्य अजिंक्यपद स्पर्धेत. तिथं जिल्हा जिल्ह्याशी भिडतो. पुणे, मुंबई उपनगर, ठाणे, सांगली, धाराशिव आणि सोलापूर. पोरगं वर्षभर मंडळाच्या मैदानावर घाम गाळतं आणि ‘सोलापूर’ लिहिलेला बनियन घालून उतरतं. समोर धाराशिव असेल तर शेजारधर्म बाजूला राहतो. तिथं तो खेळाडू, त्याचं मैदान आणि त्याच्या बनियनवरचं नाव एकाच ठिकाणचं असतं. लीगचा पैसा तिथं नाही, झगमगाट नाही. तरीही वेळापूर, वाडीकुरोली अशा गावांतून दर वर्षी नवी पोरं येत राहतात, कारण खेळायला सुरुवात करणाऱ्या मुलाला ज्याच्यासारखं व्हायचंय तो संध्याकाळी त्याच मैदानावर सराव करताना दिसतो. अर्शिनचा खेळ आमच्या पोरांना मोबाइलवर दिसतो, रामजीचा वेळापूरच्या पोरांनी शेजारी उभं राहून पाहिलेला असतो. हा फरक फार मोठा आहे.

कुस्तीतही हीच रीत आहे. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाच्या अंतिम लढतीत समोरासमोर आले ते दोघंही आमचेच: मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड. महेंद्रला बाहेरच्या टांगेवर चार गुण दिले गेले, सिकंदर हरला आणि वाद पेटला. तो वाद राज्यभर गाजला, पण जिल्ह्यात तो घराघरात होता. मोहोळच्या एसटी स्टँडवर एक निकाल, मंगळवेढ्याच्या हॉटेलात दुसरा. महेंद्र पुढे किताबाच्या लढतीत शिवराज राक्षेकडून हरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर राक्षेला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. सिकंदर घडला तो कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत, म्हणजे त्यालाही गाव सोडावं लागलंच. पण कुस्तीत पुकारणारा पैलवानाच्या नावाआधी गाव घेतो. मोहोळ म्हटल्यावर जी आरोळी उठते तिच्यात मोहोळचा हक्क असतो.

मग पुन्हा क्रिकेट, आणि या वेळी बायकांचं, कारण माझ्या जिवाला त्यात जास्त आशा वाटते.

किरण नवगिरे माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी. आधी भालाफेक, गोळाफेक. २०११ चा विश्वचषक, धोनीचा तो वानखेडेवरचा षटकार, आणि मग क्रिकेट. महाराष्ट्राच्या संघात जागा मिळेना तेव्हा ती नागालँडकडून खेळली. २०२२ मध्ये राष्ट्रीय टी-२० स्पर्धेत अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत १६२ धावा. टी-२० सामन्यात दीडशेच्या वर जाणारी ती पहिली भारतीय खेळाडू, पुरुषांतही तोवर कुणाला ते जमलं नव्हतं. त्याच वर्षी ती भारताकडून इंग्लंडमध्ये खेळली. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात यूपी वॉरियर्सकडून अर्धशतक झळकावलं तेव्हा बॅटवर प्रायोजक नव्हता, हातानं लिहिलं होतं ‘एमएसडी ०७’. मिरे ते दिमापूर हा प्रवास तिच्या जिद्दीचा आहे हे खरंच, पण तो करावा लागला यात आपल्या व्यवस्थेचं अपयशही आहे. तिच्या आधी भारताकडून खेळलेली अनघा देशपांडेही सोलापूरचीच जन्मलेली. दोन भारतीय खेळाडू दिलेल्या जिल्ह्यात मुलींनी रोज खेळावं अशी किती मैदानं आहेत, याचा शोध कुणीतरी घ्यायला हवा.

२०२५ च्या जूनमध्ये गहुंज्याला महिलांचीही महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. चार संघ. त्यात एक सोलापूरच्या नावाचा! पुरुषांच्या यादीतून नाव गेलं त्याच वर्षी मुलींनी ते परत आणलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या गल्लीतल्या एका मुलीनं त्या आठवड्यात भावाची बॅट मागून घेतली आणि अजून परत दिलेली नाही.

आता २०२५-२६ च्या हंगामाकडे. महाराष्ट्राची सलामी १५ ऑक्टोबर २०२५ ला तिरुवनंतपुरमला, केरळशी झाली. कर्णधार अंकित बावणे. मुंबई सोडून पृथ्वी शॉ आपल्याकडे आला, आणि जलज सक्सेना केरळ सोडून. जलज पहिलाच सामना जुन्या संघाविरुद्ध खेळला. गटात सौराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, पंजाब, गोवा, चंडीगड. सोपं काही नाही. महाराष्ट्रानं रणजी जिंकली ती १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर अंतिम फेरी गाठली, १९७०-७१, १९९२-९३, २०१३-१४, पण करंडक नाही. २०१३-१४ ला केदारनं हंगामात १२२३ धावा कुटल्या आणि तरी हैदराबादला कर्नाटकानं आपल्याला हरवलं. ती सल अजून आहे. त्या हंगामात ऋतुराज गायकवाड पूर्ण खेळला, शॉचं डोकं शांत राहिलं आणि जलजनं फिरकीची धुरा उचलली तर बाद फेरी नक्की गाठता येईल असं मला सुरुवातीला वाटत होतं. त्यापुढचं वेगवान गोलंदाजीवर होतं, आणि तिथं माझी खात्री होत नव्हती.

अर्शिनकडून मला काय हवंय ते सांगतो. २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात त्यानं अमेरिकेविरुद्ध १०८ धावा केल्या, भारत अंतिम फेरीत गेला. त्याच वर्षी आयपीएलमध्ये लखनौकडून मुंबईविरुद्ध पहिल्याच चेंडूवर पायचीत झाला. पोरगं एका झटक्यात शिकलं असेल. जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारे स्पर्धेत पंजाबविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात शतक आणि विदर्भाविरुद्ध उपांत्य सामन्यात ९० धावा, दोन्ही मोठ्या दबावाखाली. हात मोकळे आहेत हे दिसलंच आहे. आता त्यानं दिवसभर उभं राहावं. चहापानानंतर, थकलेल्या जुन्या चेंडूवर, कंटाळवाणी वाटणारी एकेक धाव काढत शतक करावं. षटकारांनी नाव होतं, पण उम्रीगरांच्या गावच्या फलंदाजानं चार दिवसांच्या क्रिकेटमध्येही मुक्काम ठोकायला हवा. आणि किरण? ती कुठल्याही रंगाच्या जर्सीत दिसो. जिथं असेल तिथं तो रंग आमचा. खो-खो लीगच्या पुढच्या हंगामात रामजी पुन्हा चेन्नईकडून उतरला तर वेळापूर पुन्हा चेन्नईचं होईल.

आणि पार्क? रणजीचा दुसरा टप्पा जानेवारीच्या उत्तरार्धात असतो. गड्ड्याची यात्रा तोवर उरकलेली असते, थंडी असते, आभाळ स्वच्छ असतं. महाराष्ट्राच्या घरच्या सामन्यांपैकी दर हंगामात एक सामना सोलापूरला, हे ठरवून टाकायला राज्य संघटनेला फार काही लागणार नाही. एखाद्या वर्षी द्यायचा आणि मग विसरायचं असं नको, सालाबादप्रमाणे, यात्रेसारखा. सौराष्ट्राविरुद्धच्या सामन्यात जी दहा-बारा वर्षांची पोरं कठड्याला लटकून बसली होती, ती आता निवड चाचणीच्या वयाची झाली आहेत. त्यांच्या धाकट्या भावंडांनाही तोच कठडा मिळाला पाहिजे. महापालिकेनं मैदान सभा-प्रदर्शनांपासून राखावं, जिल्हा संघटनेनं खेळपट्टीवर बाराही महिने माणूस ठेवावा, आणि आम्ही चाहत्यांनी गर्दी करावी. आमचा भाग आम्ही मागच्या वेळी चोख केला होता.

पुढच्या जूनमध्ये पुरुषांच्या लीगच्या यादीत सोलापूर परतलं तर मी हुतात्माचं तिकीट काढीन, परतीची सोय काय ती नंतर बघीन. नाही परतलं तरी काढीन, महिलांच्या सामन्यांसाठी. सोलापूरच्या नावाचा संघ त्यांनी उभा केला आहे, आणि गल्लीतल्या त्या मुलीनं मला आत्ताच बजावून ठेवलंय की तिलाही न्यायचं.